वऱ्हाडातील जुन्या लष्करी बंदुका : बनावट मुद्रा आणि विजोड भाग

वऱ्हाडच्या भूमीवर १८०३ च्या नोव्हेंबरात अडगाव येथे व डिसेंबरात गाविलगड येथे लढाया झाल्या. पुढे १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्यामुळे रिठदसारख्या (ता. रिसोड) गावातील एखाद्या जुन्या वाड्यात ठासणीची बंदूक निघाली, तर ती 'अडगावच्या लढाईतली' ठरण्यास वेळ लागत नाही. तिच्यावर इंग्रजी मुद्रा व साल असेल तर कोणी शंकाच घेत नाही. वस्तुतः शंकेचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या बंदुका स्वतंत्रपणे बनवून घेत असे. तिची नळी ३९ इंचांची. इंग्रज सरकारच्या तत्कालीन जुन्या नमुन्यांत ती ४६ अथवा ४२ इंच होती. चापाच्या पट्टीवर आरंभी कंपनीची हृदयाकृती व्यापारी मुद्रा व साल, तर सुमारे १८०८ नंतर मुकुटधारी सिंह आढळतो. म्हणून १८०३ चे साल आणि सिंहमुद्रा एकाच पट्टीवर दिसल्यास ती पट्टी संशयास्पद मानावी. 'टॉवर' हा शब्द व राजमुकुट ही तर लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण; सजावटीच्या प्रतिकृतींवर ती सर्रास कोरली जाते. मूळ मुद्रा लोखंडाबरोबरच झिजते. गंजाच्या खड्ड्यांवरून अक्षर अखंड, तीक्ष्ण कडांनी गेले असेल तर ते गंजानंतरचे आहे, हे साध्या भिंगानेही कळते.

विजोड भागांचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. हातघडणीच्या काळात एका बंदुकीचा भाग दुसरीत सहज बसत नसे; म्हणून कारागीर स्क्रू, चाप व दस्ता यांवर कानशीने जुळणीच्या रेघा ओढीत. त्या रेघा जुळत नसतील तर भाग बदलला आहे, एवढेच सिद्ध होते, लबाडी नव्हे. पलटणीच्या दुरुस्तीत भाग बदलत, आणि चकमकीच्या अनेक बंदुका पुढे टोपीच्या करण्यात आल्या. शिंद्यांच्या आग्रा येथील कारखान्यात तर युरोपीय धर्तीच्याच बंदुका तयार होत. अशी बंदूक 'नकली' म्हणून बाजूला टाकणे म्हणजे मराठी लष्करी इतिहासाचाच एक पुरावा गमावणे होय.

विसाव्या शतकातील ली-एनफील्ड रायफलीत क्रमांक नळी, बोल्ट व मुख्य सांगाडा या तिन्हींवर असतो. तो तपासणे सोपे आहे. सरहद्दीवरील दर्रा आदमखेलच्या नकलांत 'एनफील्ड' चुकीच्या अक्षरांत, कधी उलट्या 'एन'ने लिहिलेले असते. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली. तरीही तिची आद्याक्षरे त्यानंतरच्या सालाशेजारी आढळतात. पाडणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, हाच येथे इतिहासकाराचा लाभ!

हा वाद केवळ वस्तुसंग्रहालयापुरता नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ जुनाट वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही उडण्याजोगे नसावे, अशी अट आहे. जुन्या सांगाड्यात नवी नळी बसविलेली असल्यास 'आजोबांची आठवण' म्हणून भिंतीवर टांगलेली तीच बंदूक विनापरवाना शस्त्र ठरू शकते.