पेडण्याहून डिचोलीकडे, रुळांशिवाय

पत्रादेवीला भल्या पहाटे पोचा. हुतात्मा स्मारकापाशी सायकल लावा आणि टायरमधली हवा अंगठ्यानं चाचपून घ्या. महामार्गावर ट्रक अजून तुरळक आहेत. क्षणभर डोळे मिटा. उघडाल तेव्हा तारीख असेल १५ ऑगस्ट १९५५.

आभाळ भरून आलंय. बांद्याच्या बाजूनं गोवामुक्तीच्या सत्याग्रहींची रांग चालत येते आहे. कोणाच्या पायात वहाणा आहेत, कोणी अनवाणी, पण तिरंगा सगळ्यांत पुढे. समोर पोर्तुगीज शिपाई बंदुका रोखून उभे आहेत. गोळीबार सुरू होतो. झेंडा धरलेल्या सहोद्राबाई राय जखमी होतात आणि पुढे सरसावलेले पंजाबचे तरुण कर्नैलसिंग गोळी लागून कोसळतात. तुम्ही सायकलचं हँडल घट्ट धरून उभे असता आणि तुमच्या हातून काहीच होत नाही.

त्या सत्याग्रहानंतर भारत सरकारनं गोव्याची रेल्वे वाहतूक थांबवली. कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामधला घाट सुना झाला, तो थेट मुक्तीनंतर पुन्हा वाजता झाला. ही बातमी पेडण्यातल्या माणसाच्या कानावर आली असेल, पण त्याच्या रोजच्या जाण्यायेण्यात तिनं फारसा फरक पडला नसणार. त्याच्या तालुक्यात रेल्वे नव्हतीच. असं का, हे बघायला आणखी मागे जायला हवं.

पेडण्याच्या दिशेनं उतारावर सायकल सोडा आणि भगवतीच्या देवळासमोर थांबा. साल १८८८. अठराशे अठ्ठ्याहत्तरच्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून ठरलेली मुरगाव-कॅसलरॉक रेल्वे याच वर्षी घाट चढून वर पोचली आहे. सुमारे ८२ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग. इंजिनांना चढायचा घाट इतका खडा की सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. पण हा सगळा खटाटोप तिकडे दक्षिणेत, दूधसागराच्या अंगाखांद्यावर. पेडण्यातून मुंबईला निघालेला माणूस अजूनही बैलगाडीनं किंवा पायी वेंगुर्ल्याचं बंदर गाठतो आणि तिथून जहाज पकडतो. देवळासमोर जमलेली मुलं तुमच्या सायकलकडे बघत राहतात, टायर बोटांनी दाबून पाहतात. त्यांचं बरोबरच आहे. हवा भरलेला टायर डनलॉपनं बेलफास्टमध्ये याच साली पेटंट केला आहे. या रस्त्यावर तशी वस्तू अजून कोणी पाहिलेली नाही.

इथून मालप्याकडे वळा. आता शंभराहून अधिक वर्षं एका दमात ओलांडायची आहेत.

१९९७ चा पावसाळा. उत्तरेकडून कोकण रेल्वे सावंतवाडीपर्यंत आली आहे, दक्षिणेकडचं कामही जवळपास उरकलं आहे, आणि सगळ्या मार्गाचं घोडं अडलं आहे ते इथे. पेडण्याचा बोगदा १५६१ मीटरचा. कोकण रेल्वेवर याहून कितीतरी लांब बोगदे आहेत, करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा, पण ते कातळात आहेत. कातळ सुरुंगानं फुटतो आणि फुटला की जागेवर उभा राहतो. इथली माती तशी नाही. बोगद्याच्या तोंडाशी सायकल ठेवून ढिगातली मूठभर माती उचला. पिवळसर, मधूनच जांभळी, बोटांत मुरगळली की लोण्यासारखी पसरते, आणि मूठ आवळली की मनगटावरून पाणी ओघळतं. अशा मातीत यंत्र नेऊन उपयोग नाही. माणसं हातानं थोडी थोडी माती काढतात, लगेच लोखंडी कमान उभी करतात, वर काँक्रीट फवारतात, आणि तेवढ्यात पलीकडून गारा घसरून आलेला असतो. काल केलेलं आज भरून जातं. कधी डोंगराच्या माथ्यावर खड्डा पडतो, कारण खालची माती बोगद्यात उतरलेली असते. या कामानं माणसंही गिळली. बाहेर पडणारे मजूर नखशिखांत त्याच पिवळ्या रंगाचे, डोळे तेवढे वेगळे. त्यांच्यातल्या कोणी हात पुढे केला तर आपल्या बाटलीतलं पाणी द्या.

२६ जानेवारी १९९८ ला इथून गाडी गेली आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग एकसंध झाला. त्याचं श्रेय कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन यांना मिळालं आणि ते रास्तच आहे. पण मला या बोगद्याशी दरवेळी त्या मजुरांचीच आठवण येते. डोंगर अजूनही शांत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये आतली भिंत ढासळली, २०२४ च्या जुलैत चिखलपाणी आत शिरलं, आणि दोन्ही वेळा गाड्या खोळंबल्या.

धारगळ मागे टाका. शापोरा नदी येते आणि समोरचा पूल अर्धा पाण्यात. १८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरतंय, म्हणून पहाटे पाचच्या सुमाराला पोर्तुगीजांनी शापोरा, अस्नोडा आणि डिचोली इथले पूल सुरुंग लावून उडवले आहेत. नेमके तुमच्या वाटेवरचे. सायकल होडीत आडवी घाला, काठावर बसा. पलीकडे शीख लाइट इन्फंट्रीचे जवान थिवीच्या बाजूनं मांडवीकडे निघाले आहेत. संध्याकाळपर्यंत ते बेतीला पोचतील, आणि उद्या पणजीत पोर्तुगीज झेंडा उतरेल.

अस्नोडा ओलांडून शिरगाव-मुळगावकडे वळलात की साल पुन्हा बदलतं. हे १९७० चं दशक, आणि हा लोहखनिजाच्या खाणींचा पट्टा. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १९११ मध्ये पेडण्यात जन्मले आणि खाणमालक झाले, ते याच लाल मातीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या पिढीतले. रस्त्याच्या कडेची झाडं लाल, घरांची कौलं लाल, वाळत घातलेलं धोतर लाल. ट्रकमागून ट्रक येतो आणि तुम्हाला गटारात उतरावं लागतं. शाळेतली मुलं नाकावर रुमाल बांधून चालली आहेत. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, अग्निदिव्य करतात, आणि त्याच गावातल्या विहिरींचं पाणी खाणीच्या खोल खड्ड्यांकडे ओढलं जातं. हे दोन्ही एकाच गावात चाललेलं आहे, म्हणून एकाच वाक्यात लिहिलं.

आता प्रश्न असा की इतकं खनिज निघत असताना डिचोलीला रेल्वे का नाही आली? दक्षिणेत कुडचडे-सावर्ड्याचं खनिज रुळांवरून मुरगावला जात होतं. इथे त्याची गरज पडली नाही, कारण इथे नदी होती. सारमानसच्या जेटीवर जरा थांबा. ट्रक मागं येतो, माल बार्जमध्ये ओततो, आणि बार्ज पाण्यात खाली खाली जात राहते, काठाच्या पट्टीला पाणी लागेपर्यंत. मग ती मांडवीतून मुरगावला निघते, आणि तिथल्या जहाजातून माल जपानच्या पोलाद कारखान्यांकडे. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी समुद्र खवळतो आणि वाळूची दांडी येते, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. निसर्गानं दिलेली ही पाण्याची वाट एवढी सोयीची होती की रूळ टाकायचा खर्च कोणाला पटणार?

म्हणून सायकलवाट करायला पेडणे-डिचोलीत सोडून दिलेला रेल्वेमार्ग शोधू नका. मिळणार नाही. मुरगाव-कॅसलरॉकचं मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झालं, बहुतेक त्याच वाटेवर, आणि त्यावर आज गाड्या धावतात.

पोर्तुगालमध्ये मात्र वेगळं घडलं. विझेउहून सांता कोंबा दाओपर्यंतचा मीटरगेज फाटा १८९० मध्ये, म्हणजे आपल्या घाटमार्गानंतर दोनच वर्षांनी सुरू झाला. एकाच राजवटीत, एकाच रुंदीचे रूळ. तिथल्या गाड्या थांबल्या, रूळ उचलले, आणि २०११ मध्ये त्याच वाटेची ४९ किलोमीटरची सायकलवाट झाली. तीन नगरपालिकांनी आपापल्या हद्दीत ती तीन वेगळ्या रंगांत रंगवली आहे. रेल्वेची वाट सायकलवाल्याला सुखाची असते, कारण जड गाडीला चढ सोसत नाही. कोकण रेल्वेवर तर दीडशे मीटरला एक मीटर एवढाच चढ ठेवला आहे. म्हातारा माणूसही अशा वाटेवर दमत नाही, आणि वळणंही मोठी, संथ असतात.

आपल्याकडे रूळ नसले तरी दुसरी एक वाट पडून आहे. खाणीपासून जेटीपर्यंतचे माल वाहतुकीचे रस्ते. भरलेल्या ट्रकांसाठी बांधलेले, म्हणून रुंद आणि ठोस, आणि खाणीच्या नियमानुसार चढ साधारण सोळाला एक. तरुणांना झेपेल, बाकीच्यांनी खाली उतरून सायकल ढकलावी. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये हे रस्ते शांत झाले. काहींच्या कडेनं आता काजू आणि अकेशिया वाढले आहेत. पुढे लिलाव झाले, डिचोलीचा पट्टा २०२२ मध्ये दिला गेला आणि खाणकाम पुन्हा सुरू झालं. तिथे सायकल घेऊन जाऊ नका, मालाच्या ट्रकांच्या रस्त्यावर सायकलवाल्याचा निभाव लागत नाही. पण सगळे रस्ते पुन्हा ट्रकांना लागणार नाहीत. ज्या खाणी कायमच्या बंद राहणार आहेत त्यांचे रस्ते, ज्या जेटींवर बार्ज लागत नाही तिथपर्यंतचे पट्टे, यांना आत्ताच नाव द्यायला हवं. नाही तर फार्महाऊस आणि कुंपणं येतील, आणि मग मागून कोणालाच काही मिळणार नाही.

खड्ड्यांना कुंपण घालावं लागेल, कारण त्यांचं हिरवंनिळं पाणी सुंदर दिसतं आणि खोल असतं. जमिनीच्या मालकीचे कागद शोधावे लागतील. सावलीसाठी झाडं लागतील, आणि मये तलावाशी वा नार्व्याच्या फेरीजवळ वाट जोडली तर दुकानदारांनाही उपजीविका मिळेल. मयेतलं किंवा शिरगावातलं पोर ज्या रस्त्यावरून रुमाल बांधून शाळेत गेलं, त्याच रस्त्यावर त्याच्या नातवंडांनी सायकल शिकावी, एवढंच माझं मागणं आहे.

तुमचं गाव खाणपट्ट्यात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा. बंद खाणीचा कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कोणाच्या मालकीचा, एवढं कागदावर लिहून न्या आणि तो सायकल व पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा ठराव मांडा.