स्पीकर निवडण्यापूर्वी खोली मोजावी

दुकानात मोहून टाकणारा उंची स्पीकर घरी आणल्यावर घुमू लागतो. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो. खोलीशी त्याचे जमलेले नसते.

तीन नामांकित स्पीकरांची तुलना पाहावी. १९४६ पासूनच्या अमेरिकी ‘क्लिप्शहॉर्न’ला खोलीचा कोपराच हवा, तेथील भिंती त्याच्या खर्जाच्या कर्ण्याचा विस्तार ठरतात. १९५७ चा ब्रिटिश ‘क्वाड’ स्थिरविद्युत स्पीकर पुढे आणि मागेही ध्वनी सोडतो. त्याला मागील भिंतीपासून ऐसपैस अंतर लागते. ‘बीबीसी’ने १९७० च्या दशकात छोट्या नियंत्रण कक्षांसाठी घडवलेला ‘एलएस ३/५ए’ लहान खोलीत शोभतो. मात्र अतिखर्जाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

खोलीचाही स्वतःचा स्वर असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे ५ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झचा खर्ज समोरच्या व मागच्या भिंतीलगत फुगतो, तर मध्यावर जवळजवळ लोपतो. म्हणून श्रोत्याचे आसन नेमके मध्यावर किंवा भिंतीला टेकून नसावे. पडदे व गालिचे वरच्या स्वरांचे परावर्तन शमवतात. खर्जावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

खरेदीपूर्वी ओळखीची ध्वनिमुद्रिका शक्यतो घरीच लावून ऐकावी. किमतीचा विचार त्यानंतर.