काच पुसणारे हात

दिव्यांचा इतिहास सहसा संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु दिवा शोधून काढणे हे एकदाचे काम. तो उजळ ठेवणे हे रोजचे. युरोपात चरबीच्या मेणबत्तीची जळकी वात थोड्या थोड्या वेळाने कात्रीने छाटावी लागे. नाहीतर धूर होई, उजेड मंदावे. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये काम्बासेरेस यांनी विणलेली वात आणली. तिचे टोक वाकून ज्योतीच्या कडेला आपोआप जळे. कात्रीचे काम सुटले.

पुढे १८५३ साली ल्वूव शहरातील रुग्णालयात लुकासिएविच यांचा रॉकेलचा दिवा लागला. काही दशकांत असे दिवे जगभर पसरले. उजेड वाढला, तशी काचेची निगाही आली. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, तोही या नियमाला अपवाद नव्हता. तिन्हीसांजेपूर्वी घरातील स्त्रिया वा मुले काचेवरची काजळी राखेने पुसत, वात सरळ कापत, तेल भरत. वात वाकडी कापली गेली, तर ज्योत एका बाजूस चढून काच काळवंडे, कधी तडकेही.

विजेच्या दिव्यावर काजळी धरत नाही, पण धूळ बसतेच आणि उजेड नकळत उणावतो. बटण बंद करून, दिवा निवल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे, एवढेच आता उरले आहे. जुन्या कष्टकरी हातांची नावे मात्र इतिहासाने क्वचितच नोंदवली. आपल्या घरी कंदिलाची काच कोण पुसत असे, हे वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारावे.