कुर्ल्याची मोटार आणि विजेचा पंखा

मोटारीचा इतिहास लिहिताना कारखान्याच्या दाराशी थांबण्याची प्रथा आहे. गाडी कोणी आखली, कोठे बनली, कोणत्या वर्षी तिचे नाव पालटले, एवढ्या नोंदी झाल्या की विषय संपला असे मानले जाते. परंतु जी गाडी पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर राहते, तिच्या इतिहासाचा मोठा भाग कारखान्याबाहेर घडतो. मुंबईच्या उपनगरांत जुन्या फियाट गाड्यांना मागाहून बसविण्यात आलेला विजेचा पंखा हे त्याचे लहानसे पण बोलके उदाहरण होय. एका काळाच्या गाडीला दुसऱ्या काळाच्या रस्त्याशी जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता. आणि त्याचे यशापयश पंख्यापेक्षा गाडीतील विजेच्या पुरवठ्यावर अधिक अवलंबून होते, असे त्याच्या जोडणीचा विचार करता दिसून येते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून प्रथम अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. केवळ सुटे भाग आणून गाड्या जुळविणाऱ्यांना देशात स्थान नाही, हे धोरण १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर पक्के झाले. मुंबईतच शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला, तो याच धोरणामुळे. त्याच वर्षी कुर्ल्यात इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी आली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असलेली ही गाडी १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ झाली व १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. नावे पालटली, इंजिन आणि त्याच्या शीतनाची मूळ रचना मात्र तीच राहिली. परवाने, आयातबंदी व गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक, अशा परिस्थितीत रचना बदलण्याची निकड कारखान्याला फारशी वाटण्याचे कारण नव्हते.

ती मूळ रचना अशी. इंजिनभोवती फिरून तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते व त्यावरून वाहणारी हवा त्याची उष्णता हरण करते. गाडी वेगात असली की समोरून येणारा वाराच हे काम करतो. गाडी मंद किंवा उभी असली म्हणजे हवा खेचण्यासाठी पंखा लागतो. फियाटमध्ये हा पंखा पाण्याच्या पंपाबरोबर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरे. यातील उणीव उघड आहे. इंजिन जोरात फिरते तेव्हा पंखाही जोरात फिरतो. पण त्या वेळी बहुधा गाडी धावत असते आणि पंख्याची गरज नसते. गाडी गर्दीत उभी राहते तेव्हा गरज सर्वांत अधिक, आणि पंखा सर्वांत मंद. मोकळ्या रस्त्यासाठी आखलेल्या गाडीत ही उणीव झाकून जात असे.

उपनगरांचे रस्तेही एके काळी असेच मोकळे होते. कुर्ल्यात फियाट बनू लागली तेव्हा, १९५४ मध्ये, बोरिवली व मुलुंड ही गावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हती. अंधेरी १९५० मध्ये व बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. पश्चिमेस घोडबंदर रस्ता आणि पूर्वेस आग्रा रस्ता हे उपनगरांचे दोन जुने मार्ग. त्यांतील पहिल्याचा उपनगरातून जाणारा भाग पुढे स्वामी विवेकानंद मार्ग झाला, तर दुसऱ्यास लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले. या दुसऱ्या मार्गावरच, घाटकोपरच्या अलीकडे, प्रीमिअरचा कारखाना होता. जोडीला दोन्ही बाजूंस द्रुतगती महामार्ग झाले. तथापि वस्ती आणि वाहने रस्त्यांहून वेगाने वाढली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे काम २००८ पासून २०१४ पर्यंत चालले, तेव्हा अंधेरी-कुर्ला रस्त्यासारखे आधीच अरुंद असलेले मार्ग आणखी आकसले. ज्या गाडीचे शीतन वेगावर विसंबून होते, तिला आता दिवसाचा मोठा भाग वेगाविना काढावा लागला. चालकाजवळचा पाण्याचा डबा व पेट्रोलपंपावर गुंडाळलेले ओले फडके ही या विसंगतीची परिचित चिन्हे होत. टॅक्सीवाल्याला उकळलेले इंजिन म्हणजे बुडालेली फेरी; आणि इंजिनचा माथा वाकला तर कित्येक दिवसांची कमाई गेली.

या अडचणीवरील उपाय नवा नव्हता, आणि तो फियाटच्या घरातच सापडला होता. दान्ते जाकोसा हे त्या कंपनीचे थोर अभियंते. त्यांच्या आडव्या इंजिनच्या रचनेवर १९६४ मध्ये ‘आउतोबियांकी प्रिमुला’ ही गाडी निघाली. इंजिन आडवे बसविले की त्याचे टोक गाडीच्या बाजूस येते आणि समोरच्या रेडिएटरचा पंखा पट्ट्याने फिरविणे गैरसोयीचे होते. तेथे विजेवर चालणारा, पाण्याचे तापमान वाढताच आपोआप सुरू होणारा पंखा आला. एकाच वर्षी, एकाच घराण्याच्या दोन शाखांत, इटलीत विजेचा पंखा आणि कुर्ल्यात पट्ट्याचा पंखा, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. मुंबईच्या रस्त्यांवर विजेचा पंखा सर्रास दिसू लागला तो १९८३ च्या अखेरीस आलेल्या ‘मारुती ८००’ मुळे. तिचेही इंजिन आडवेच होते. या गाड्या जुन्या होऊन भंगारात येऊ लागल्यावर त्यांचे पंखे स्वस्तात मिळू लागले. आणि जुन्या सुट्या भागांचा कुर्ल्याचा बाजार तर उपनगरांच्या मध्यभागीच होता.

परंतु पंखा मिळणे ही अर्धीच गोष्ट होती. असा पंखा चालताना साधारण आठ ते दहा अँपिअर प्रवाह घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून अधिक. जुन्या फियाटमध्ये वीज निर्माण करण्यास डायनॅमो असे. डायनॅमोत वीज फिरत्या भागात निर्माण होते आणि सर्व प्रवाह कार्बनच्या ब्रशांतून बाहेर काढावा लागतो. त्यामुळे तो फार वेगाने फिरविता येत नाही, आणि इंजिन संथ असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. समोरचा तांबडा दिवा लुकलुकतो तो म्हणूनच. अशा लहान गाडीच्या डायनॅमोची पूर्ण क्षमताही वीस-बावीस अँपिअरच्या आसपास, आणि तीही गाडी वेगात असताना. आता पावसाळ्यातील रात्र धरावी. पुढचे दिवे सात-आठ अँपिअर, वायपर तीन-चार आणि पंखा आठ-दहा, असा सर्व भार गाडी उभी असताना बॅटरीवर पडतो. म्हणजे पट्ट्याच्या पंख्याचे जे वैगुण्य, तेच डायनॅमोचेही होते. शीतन इंजिनच्या वेगापासून सोडविले तरी वीज त्याच वेगाला बांधलेली राहिली. पंखा बदलून डायनॅमो तसाच ठेवणाऱ्याची गाडी तापत नसे, पण सकाळी सुरूही होत नसे.

यातून सुटका ऑल्टरनेटरने केली. त्यात वीज स्थिर वेटोळ्यांत निर्माण होते व सिलिकॉनचे डायोड तिला एकदिश करतात. ब्रशांतून केवळ चुंबकत्व जागविणारा अल्प प्रवाह जातो. म्हणून तो लहान पुलीवर अधिक वेगाने फिरविता येतो आणि संथ इंजिनवरही उपयोगी प्रवाह देतो. क्रायस्लरने १९६० च्या सुमारास अमेरिकेत त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू केला. जुन्या गाडीत विजेचा पंखा टिकावयाचा तर आधी ऑल्टरनेटर हवा, हा क्रम गॅरेजांतील कारागिरांना पुस्तकाने नव्हे, तर उतरलेल्या बॅटऱ्यांनी शिकविला असावा.

उरला प्रश्न तारांचा. मूळ गाडीतील तारा एवढ्या भारासाठी योजलेल्या नव्हत्या. सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक जोडणी म्हणजे किल्लीच्या स्विचमधून बारीक तार काढून ती थेट पंख्याला देणे. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची जाऊन-येऊन लांबी चार मीटर धरली, तर दहा अँपिअर प्रवाहाला त्यात सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतो. पंखा मंदावतो, स्विचचे टोक जळते आणि तारेवरील आवरण वितळून आग लागण्याचे भय राहते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ही घट ०.३ व्होल्टहून कमी होते. योग्य जोडणीत बॅटरीपासून निघालेली जाड तार प्रथम जवळच्याच फ्यूजमधून आणि नंतर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकातून ८७ क्रमांकाच्या टोकावाटे पंख्याकडे जाते. ८५ व ८६ या टोकांत केवळ रिलेला जागविणारा अल्प प्रवाह असतो, आणि तो तापमानाच्या स्विचवर खुला-बंद होतो. हा स्विच साधारण ९० अंश सेल्सियसच्या थोडा वर लागतो व काही अंश उतरल्यावर सुटतो.

पण जुन्या रेडिएटरला असा स्विच बसविण्यास छिद्रच नसे. कोणी पितळी टाकीला आटे पाडलेला तुकडा डाक देऊन जोडी. कोणी रबरी नळीच्या मध्ये धातूची नळी घालून तीत स्विच बसवी. कोणी केवळ चालकाच्या हाताशी एक बटन देई आणि काम त्याच्या आठवणीवर सोपवी. जुना पंखा काढला तरी पट्टा ठेवावाच लागे, कारण पाण्याचा पंप आणि वीज देणारे यंत्र त्यावरच फिरत. ब्रिटिश वळणाच्या ज्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तेथे तारा नेहमीप्रमाणे लावल्यास पंखा उलटा फिरून वाऱ्याविरुद्ध हवा ढकली. हे सर्व निर्णय कारखान्याच्या आराखड्यात नव्हते. ते एकेका गाडीपुरते, एकेका मिस्त्रीने घेतलेले होते.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरातील होती. वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ती सेवेतून गेली. आता उरलेल्या गाड्या हौशी संग्राहकांच्या हाती आहेत आणि त्यांचा ओढा गाडी ‘मूळ स्वरूपात’ आणण्याकडे असतो. त्या प्रयत्नात प्रथम निघतो तो मागाहून बसविलेला पंखा, त्याचा रिले आणि त्याच्या तारा. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी कशी होती, हे त्यामुळे कळेल. ती पुढील तीस वर्षे अंधेरी-घाटकोपरच्या गर्दीत कशी तगली, हे कळण्याचे साधन मात्र नाहीसे होईल. या कारागिरांनी लेख ठेवले नाहीत. त्यांची जोडणी हाच त्यांचा लेख होय. ती काढण्यापूर्वी कोणती तार कोठून कोठे गेली आहे, तिची जाडी किती, फ्यूज कोठे, स्विच कोणत्या जागी, एवढे तरी कागदावर उतरवून घेतले पाहिजे.