अतिथी तारा

इ. स. १०५४ च्या जुलैच्या ४ तारखेस चीनमधील राजज्योतिष्यांना वृषभ तारकासमूहांत एक ‘अतिथी तारा’ दिसला. २३ दिवस तो भरदिवसां दिसे. सुमारें पावणेदोन वर्षांनीं तो दिसेनासा झाला. वस्तुतः तें आगमन नव्हतें, मरण होतें. प्रचंड ताऱ्याचें इंधन सरलें कीं त्याचा गाभा स्वतःच्याच भारानें क्षणार्धांत कोसळतो व बाह्य भाग अवकाशांत उधळला जातो. आपल्या श्वासांतील प्राणवायु बहुतांशीं अशाच ताऱ्यांनीं घडविला. त्या जागीं आज ‘क्रॅब’ तेजोमेघ पसरत आहे. १९२८ मध्यें हबल यांनीं त्याच्या प्रसरणावरून मागें हिशेब केला, तो नऊशें वर्षांवर येऊन ठेपला. त्या ज्योतिष्यांस कारण ठाऊक नव्हतें; दिसलें तें त्यांनीं तारीखवार लिहून ठेवलें, म्हणूनच तो हिशेब पडताळतां आला.