सेमी-ऑटोमॅटिक रायफल भारतात विकत घेता येते का? आणि कायदेशीर बंदूक घेताना नेमकं काय तपासायचं?

यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे बंदूक खरेदीचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दुकानात जायचं, भिंतीवरची रायफल काढायला सांगायची, उलटसुलट करून बघायची आणि पैसे देऊन घरी न्यायची. हे व्हिडिओ बघून नाशिकमधल्या कुणाला वाटलं की आपणही एक सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी, तर काय होईल?

सरळ उत्तर असं, की सामान्य माणसाला ती मिळणार नाही.

आधी फरक समजून घेऊ. ऑटोमॅटिक बंदुकीत चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकदा चाप दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप नळीत येऊन बसतं. बोल्ट अॅक्शन रायफलीत हे काम दर वेळी हाताने बोल्ट मागेपुढे ओढून करावं लागतं.

शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत. सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्या वर्गात येते आणि या वर्गाचा परवाना थेट केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. .३०३ आणि ७.६२ मिमी या लष्करी काडतुसांवर चालणाऱ्या रायफली बोल्ट अॅक्शन असल्या तरी याच वर्गात मोडतात. .३२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मात्र साध्या परवान्यावर घेता येतं.

गंमत म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक हत्यार नाशिकला नवं नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी चोरून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होतं. तेव्हा १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा लागू होता. आज १९५९ चा कायदा आहे, पण शस्त्र आधी सरकारला विचारून घ्यायचं, हा त्याचा गाभा फारसा बदललेला नाही.

मग मिळतं काय?

साध्या परवान्यावर रायफल घ्यायची तर .३१५ किंवा .३०-०६ बोअरची बोल्ट अॅक्शन, नाहीतर .२२. यातली .३१५ म्हणजे ८ मिमी. लष्कराच्या .३०३ चं काडतूस बाहेर जाऊ नये म्हणून इंग्रजांनी नागरिकांना ते बोअर बंद केलं आणि त्या जागी .३१५ चालू झालं. इशापूरच्या सरकारी कारखान्यात आजही ही रायफल बनते. नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे, म्हणून बाजारात दिसणारी 'इंपोर्टेड' बंदूक बहुतेक वेळा आजोबांच्या काळातली असते. तपासणीचा खरा प्रश्न तिथेच येतो.

परवान्यासाठी नाशिक शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वय किमान २१ हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे उसात बिबट्या दिसला की रायफलीची चर्चा सुरू होते. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बंदुकीचा परवाना हा त्याला मारायचा परवाना नाही. पिकांच्या रक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, पण तीही बिबट्यासाठी नाही.

आधी नंबर बघा, मग नळी

जुनी बंदूक हातात आली की लोक आधी दस्त्याचं लाकूड किती चकाकतंय ते बघतात. खरं तर आधी क्रमांक बघायचा. बॉडी, नळी आणि बोल्टवरचा क्रमांक एकमेकांशी, तसंच विकणाऱ्याच्या परवान्याशी जुळला पाहिजे. कारखान्याचं नाव आणि प्रूफ टेस्टचा शिक्का स्पष्ट दिसला पाहिजे. क्रमांक घासलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार अशी बंदूक ज्याच्याकडे सापडते, त्यानेच क्रमांक खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच येते.

मग बंदूक रिकामी आहे ना, ते स्वतः बघा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये नजर टाका आणि बोटानेही चाचपा. 'रिकामीच आहे हो' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

यानंतर नळी. बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे धरून बघा. आतले पीळ धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे म्हणजे गंज. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या बंदुकीत हे हमखास सापडतं, कारण चामडं ओल धरून ठेवतं. नळीत एखादं गडद वर्तुळ दिसलं तर ती जागा फुगलेली असू शकते. पूर्वी कधी आत काहीतरी अडकलेलं असताना गोळी झाडल्याची ती खूण. अशी नळी पुढे कधीही फाटू शकते, त्यामुळे हा सौदा तिथेच सोडायचा. नळीच्या तोंडाची कडही बघा, तिला ठेच लागलेली असेल तर नेम बसत नाही.

बोल्ट मागेपुढे करताना अडखळायला नको. त्याच्या तोंडाशी काडतूस ओढून काढणारा आकडा असतो, तो झिजलेला नको. बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली जागा प्रमाणात आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गेज लागतं आणि ते काम परवानाधारक बंदूक कारागिराचंच. त्याचे पैसे वाचवू नयेत.

सेफ्टी अशी तपासा: रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला धरून सेफ्टी लावा आणि चाप दाबा. काही होता कामा नये. आता चाप सोडून सेफ्टी काढा. तेवढ्यानेच आतला घोडा सुटला, तर सेफ्टी निकामी आहे. दस्त्याला बोल्टच्या मागे बारीक चीर आहे का तेही बघा, कारण धक्का तिथेच बसतो.

.३२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेत असाल तर स्प्रिंगचा जोर आणि मॅगझिनच्या वरच्या कडाही तपासा. काडतूस अडकण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. एकदा चाप दाबल्यावर दोन गोळ्या सुटतात, असं विकणारा कौतुकाने सांगत असेल तर ते पिस्तूल बिघडलेलं आहे.

नेमबाजी शिकायची म्हणून रायफल हवी असेल, तर सेमी-ऑटोमॅटिकचा सोस करायची गरजच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात .२२ ची रायफल असते आणि तिच्यात दर वेळी एकच काडतूस भरावं लागतं.

सोशल मीडियावर 'विना परवाना, घरपोच' अशा जाहिराती दिसल्या तर लक्षात ठेवा, परवाना नसताना साधं अग्निशस्त्र बाळगलं तरी दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. बंदी असलेल्या शस्त्रासाठी ती सात ते चौदा वर्षांची आहे.

आणि सौदा ओळखीतल्या परवानाधारकाशी होत असला तरी पैसे आणि बंदूक त्याच दिवशी इकडून तिकडे करता येत नाही. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. वरची सगळी तपासणी करायला तेवढा वेळ पुरतो.