कुंडी भंडारा आणि परळची सुई

आमच्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात जो एकदा उतरला, त्याला पाण्याची वाट कशी अडते हे निराळे सांगावे लागत नाही. जहांगीराच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. त्याच पाण्यातला चुना भिंतींवर साचत आला आणि बोगदे आतून अरुंद झाले. वर शहर नांदत असते. खाली धार बारीक होत असते.

माझे वडील १९६६ च्या हिवाळ्यात गेले. मी तेव्हा सातवीत होतो. जिना चढताना त्यांच्या छातीत कळ येई, डावा हात जड होई. जरा बसले की बरे वाटे. शेजारचे चाचा म्हणत, "गैस है, अजवाइन फाँक लो." आई ओवा आणि काळे मीठ देई. एका पहाटे वडील उठलेच नाहीत. त्या काळी कुणाला काहीच कळत नव्हते का, हा सल मनात राहिला.

पुढे इतिहासाचा मास्तर झालो आणि उत्तर शोधू लागलो. चढताना येणारी आणि थांबताच विरणारी ही कळ लंडनच्या विल्यम हेबरडेनने १७६८ सालीच वर्णिली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी आइंटहोवेनने हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकली तरी माणूस दर वेळी तत्काळ दगावतो असे नाही, हे १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने दाखवले. म्हणजे निदानाला अवधी होता. १९५८ साली अमेरिकेतल्या मेसन सोन्सने रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या चित्रात अडथळाच डोळ्यांनी पाहिला. अडथळा दिसला, पण ओलांडायचा कसा?

या प्रश्नाशी झुंजणारी काही माणसे आमच्यापासून रेल्वेने पाचशे किलोमीटरवर, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात होती. डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. तेहेम्तन उदवाडिया, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला बरेचसे रक्त थेट आतल्या कप्प्यातून, बारीक पोकळ्यांवाटे मिळते. मग रोहिणी तुंबलेल्या हृदयाच्या भिंतीत सुईने छिद्रे पाडली तर? कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १९६५ साली त्यांचा निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. त्या वर्षी माझे वडील तोच जिना चढत होते.

ही छिद्रे टिकत नाहीत, लवकरच बुजतात, असे पुढे आढळले. राजमार्ग दुसरेच ठरले. १९६७ साली फावालोरोने पायातली शीर जोडून अडथळ्याला वळसा घातला. १९७७ साली झुरिचमध्ये ग्रुन्टझिगने रोहिणीत फुगा फुगवून वाट मोकळी केली. परळची कल्पना मात्र वाया गेली नाही. सुईची जागा लेसर किरणांनी घेतली आणि १९९८ साली त्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा उपयोग मोजक्याच रुग्णांपुरता राहिला, आणि गुण नेमका कशाने येतो यावर वाद आहे.

वाचक विचारतील, न टिकलेल्या छिद्रांचा इतिहास कशाला लिहायचा? त्या सुईने माझे वडील वाचले नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्याकडे उत्तर नव्हते त्यांनी निदान प्रश्न ओळखला होता. आमच्या घरात तो ओव्याच्या डबीखाली झाकला गेला.

गेल्या वर्षी तोच जिना चढताना मला कळ आली. मुलगा म्हणाला, "बाबा, गॅस असेल."

मी म्हटले, "असेल. पण आधी डॉक्टरांकडे चल."

आलेख झाला, अँजिओग्राफी झाली. अडथळ्याच्या जागी आता जाळीची इवलीशी नळी आहे. जिना मी आजही चढतो. मध्यावर क्षणभर थांबतो, ते दम लागतो म्हणून नव्हे. वडील तिथेच थांबत.